घरचें टपाल

माणसाला स्वतःचें घर असावें, परसांत स्वतःची विहीर असावी, अंगणांत तुळशीवृंदावन असावें, इतक्या इच्छा आपल्या समाजाला समजतात. पण स्वतःचें टपालघर असावें असें कोणी म्हणालें तर लोक त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेनें पाहूं लागतात. गेलीं चार वर्षें आमच्याकडे ते तसे पाहत आहेत. आमच्या राजूरच्या घरांत, माजघरांतल्या ज्या कोनाड्यांत पूर्वीं वडिलांचा चष्मा, तपकिरीची डबी आणि पंचांग असे, तेथें हल्लीं पत्त्यांच्या जोडाएवढें एक यंत्र रात्रंदिवस हिरवा डोळा मिचकावीत बसलेलें असतें. तेंच आमचें टपालघर. कुटुंबांतल्या अकरा माणसांचीं ई-मेलचीं पत्रें तेथें येतात, तेथेंच राहतात, आणि तेथूनच तीं बाहेर जावींत अशीही आमची इच्छा होती. ही इच्छा कां पुरी झाली नाहीं, आणि त्यांत जगाचा दोष किती आणि आमचा किती, हें आज वाचकांपुढें मांडावें असें मनांत आहे.

राजूर हें अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्याच्या, अगदीं पश्चिम कडेला, अकोलें तालुक्यांत, अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें बाजाराचें गांव. आसपासच्या वाड्यांतले महादेव कोळी शेतकरी येथें बाजाराला येतात. डांगी जनावरांचें प्रदर्शन येथें भरतें. आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या रांगेला अडून जो पाऊस या भागांत कोसळतो, तो मृगापासून पुढें तीन महिने माणसाला दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलूं देत नाहीं. अशा गांवांत टपालाला काय मोल असे तें शहरांतल्या वाचकाला सांगून कळणें कठीण आहे. आमचे वडील टपालखात्यांत होते. जिल्ह्यांतल्या सात-आठ गांवीं नोकरी करून ते शेवटीं राजूरला घर बांधून राहिले. हाताखालीं येणाऱ्या नव्या पोस्टमनला ते पहिल्याच दिवशीं सांगत, "पत्र कुणाकडं जायचं आहे तेवढं पाहावं. कुणाकडून आलंय हें पाहणं आपलं काम नव्हे." हें वाक्य लहानपणीं आम्हीं इतक्या वेळां ऐकलें होतें कीं, तें खात्याच्या नियमांच्या पुस्तकांतच छापलेलें असावें अशी आमची समजूत होती.

सत्तरी उलटल्यावर नातवंडांच्या आग्रहावरून वडील ई-मेल लिहावयास शिकले. पुढच्या सहा वर्षांत त्यांनीं कित्येक पत्रें लिहिलीं. भाताची लावणी, धरणांतलें पाणी, शेजारच्या म्हशीचें आजारपण, आणि शेवटीं न चुकतां "उत्तर सवडीनें लिहावें" हें वाक्य. हीं सारीं पत्रें एका परदेशी कंपनीच्या फुकट खात्यांत साठत होतीं. वडील गेले आणि खात्याचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला. आम्हीं कंपनीला लिहिलें, मृत्यूचा दाखला पाठविला, पुन्हां लिहिलें. उत्तरें आलीं तीं यंत्रानें लिहिलेलीं होतीं आणि त्यांत सहानुभूतीचें वाक्य प्रत्येक वेळीं तेंच होतें. पुढें खातें बराच काळ वापरांत नसल्यामुळें बंद करण्यांत आल्याचें कळलें. परक्याच्या घरीं पेटी ठेवली आणि किल्लीची दुसरी जोड करून घेतली नाहीं, यांत अपराध आमचाच होता. पण जन्मभर लोकांचीं पत्रें सांभाळणाऱ्या माणसाचीं स्वतःचीं पत्रें आम्हांला सांभाळतां आलीं नाहींत, ही टोंचणी लागून राहिली.

वर्षश्राद्धाला पुण्याहून आलेला आमचा पुतण्या जेवणें झाल्यावर ओटीवर बसून म्हणाला, "काका, आपण टपाल घरींच ठेवूं या. फार खर्च नाहीं." तो संगणकाच्याच धंद्यांत आहे. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा होता कीं, ई-मेल ही कोणा एका कंपनीची मालकीची वस्तु नव्हे; ती एक रीत आहे. जोनाथन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें ऑगस्ट १९८२ मध्यें ती लिहून प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणें जगांतलें कोणतेंही यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राच्या पंचविसाव्या क्रमांकाच्या दारावर थाप मारून "आपल्याकडच्या अमक्यासाठीं पत्र आहे" म्हणूं शकतें, आणि दुसऱ्यानें तें घ्यावें अशी अपेक्षा असते. आपल्या देशांतही १९८६ सालीं एर्नेटचें जाळें विणावयास आरंभ झाला तेव्हां मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र काय, आयआयटी काय, ज्याचें टपाल त्याच्याच यंत्रावर असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य लोकांना इंटरनेट खुलें केलें, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आम्ही नवखे अधिव्याख्याते असतांना काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत पहिलें पत्र लिहिलें, तें स्मरण झालें. ज्याचें टपाल त्याच्या घरीं, ही कल्पना आम्हांला फार आवडली. आमच्या आडनांवाचें एक नांव इंटरनेटच्या वहींत नोंदविलें, यंत्र आणलें, आणि वडिलांच्या कोनाड्यांत बसविलें. आईनें त्याला हळदकुंकू लावलें.

येणाऱ्या टपालाचें काम पहिल्यापासून झकास चाललें. त्यासाठीं मात्र आधीं स्वतःचा स्थिर पत्ता घ्यावा लागला. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून चारशें तीस कोटींच्या आंत. आशियाच्या वांट्याचा साठा २०११ सालींच तळाला गेला. त्यामुळें घरगुती गिऱ्हाइकांना कंपन्या एकाच पत्त्यावर शेंकड्यांनीं बसवितात. जणूं सगळ्या चाळीला मिळून एकच दार. दरमहा जादा पैसे भरून आम्हीं आमचें स्वतंत्र दार मिळविलें. त्यानंतरच्या आषाढांत घाटांतल्या विजेच्या तारा तुटून तीन दिवस राजूर अंधारांत होतें. आमचें टपालघर बंद. आम्ही कपाळाला हात लावून बसलों. पण पोस्टेल यांच्या रीतीला शहाणपणाची जोड आहे. दार बंद दिसलें कीं पत्र आणणारें यंत्र परत जाऊन थोड्या वेळानें पुन्हां येतें, आणि असें तें चार-पांच दिवसपर्यंत येत राहतें. चौथ्या दिवशीं वीज आली आणि तासा-दोन तासांत तीन दिवसांचीं पत्रें एकामागून एक घरांत शिरलीं. एकही गहाळ झालेलें नव्हतें. पुरानें वाट अडली असतां ओढ्याच्या पलीकडे थैली घेऊन थांबणाऱ्या जुन्या हरकाऱ्याची आम्हांला आठवण झाली.

घोडें पेंड खाऊं लागलें तें जाणाऱ्या टपालापाशीं. आमचें पहिलेंच पत्र, अमेरिकेंतल्या धाकट्या भावाला लिहिलेलें, यंत्रांतून बाहेर पडेना. पुतण्यानें दोन दिवस खटपट करून निदान केलें कीं, पत्र आमच्या घरांतून निघतें, पण कंपनीच्या वेशीवर त्याला अडविलें जातें. बाहेर जाणारा पंचविसावा दरवाजा कंपनीनें सर्व घरगुती जोडण्यांना कुलूप लावून बंद ठेवला होता. आम्हीं कंपनीला दूरध्वनि केला. पलीकडचा तरुण अत्यंत सौजन्यानें बोलला.

"सर, घरगुती जोडणीवर पत्र पाठवायचं यंत्र चालवतां येत नाहीं. स्पॅममुळं तसा नियम आहे."

"पण आम्हीं स्पॅम पाठविलेला नाहीं."

"तुम्ही पाठवलाय असं कुठं म्हणतोय, सर? सगळ्यांनाच बंद आहे."

या युक्तिवादाला उत्तर नाहीं. तुम्ही चोर आहां असें कोणी म्हटलें तर माणूस भांडूं शकतो; "तुम्ही चोर नाहीं, पण दार सर्वांनाच बंद आहे" असें म्हटल्यावर भांडावयाचें कोणाशीं? आम्हीं त्या दिवशीं वहिनींच्या देखत कंपनीला उद्देशून पुष्कळ कांहीं बोलून घेतलें. पुतण्या शांतपणें म्हणाला, "काका, त्यांची बाजू अगदींच खोटी नाहीं." आणि त्यानें ती सांगितली. इतिहासाचा प्राध्यापक असल्यामुळें आम्हांला ती मुकाट्यानें ऐकावी लागली.

३ मे १९७८ रोजीं गॅरी थर्क नांवाच्या एका अमेरिकन विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात तेव्हांच्या आर्पानेटवरील सुमारें चारशें लोकांना एकदम धाडली. हें पहिलें स्पॅम. हा शब्द मूळचा डब्यांतल्या मांसाच्या नांवाचा. एका इंग्रजी विनोदी नाटुकल्यांत तो कंटाळा येईपर्यंत उच्चारला जातो, तेथून तो या नको असलेल्या पत्रांना चिकटला. पोस्टेल यांच्या रीतींत पाठविणारा आपलें नांव सांगेल तें खरें मानावयाचें असे. खातरजमेची सोयच नव्हती. चार विद्यापीठांतले लोक एकमेकांना ओळखत होते तोंवर हें चाललें. पुढें जग आंत आलें. २००३ च्या सुमारास तर ठक मंडळींनीं नवीच युक्ति काढली. ते घरोघरच्या संगणकांत रोगजंतूसारखे कार्यक्रम सोडीत, आणि मालकाला पत्ता लागूं न देतां त्याच्याच यंत्रावरून रात्रीतून हजारों पत्रें पाठवीत. घरगुती जोडण्यांचा पंचविसावा दरवाजा बंद करण्याची चाल वाढली ती यामुळें. या उद्योगाचीं सूत्रें किती थोड्या हातांत असतात याचा दाखला नोव्हेंबर २००८ मध्यें मिळाला. कॅलिफोर्नियांतील मॅकोलो नांवाच्या एकाच कंपनीची जोडणी तोडतांच साऱ्या जगांतला स्पॅम निम्म्याहून खालीं उतरला. कांहीं काळानें तो पुन्हां चढला, ही गोष्ट निराळी. आजही जगांत फिरणाऱ्या ई-मेलपैकीं ढोबळ मानानें निम्मी असलीच असते.

असें होण्याचें कारण पाहूं गेलें तर आमच्या वडिलांच्या खात्याच्या इतिहासांतच सांपडतें. इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला द्यावे लागत. रोलंड हिल यानें तिकिटाची युक्ति काढून तो भार पाठविणाऱ्यावर घातला. आपल्याकडे १८५४ च्या कायद्यानें पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग तें कितीही दूर जावो, असा दर ठरला. तिकीट न लावतां टाकलेलें पत्र नॉटपेड होऊन घेणाऱ्याच्या डोक्यावर दुप्पट दंडासह बसे, आणि तें घ्यावें कीं परतवावें हा त्याचा अधिकार असे. ई-मेल हें मूलतः नॉटपेड पत्र आहे. पाठविणाऱ्याला दहा पत्रांना जो खर्च तोच जवळजवळ दहा लाखांना. साठविण्याचा, वाचण्याचा आणि फेंकून देण्याचा खर्च घेणाऱ्याचा. मग ज्याला लाज नाहीं त्यानें दहा लाख कां पाठवूं नयेत? हें लक्षांत आल्यावर आमचा राग पुष्कळसा निवळला. कुलूप लावणारा माणूस दुष्ट असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो आधीं लुबाडला गेलेला असतो.

राग निवळला तरी हट्ट गेला नाहीं. आम्हीं घरगुती जोडणी सोडून महागडी व्यापारी जोडणी घेतली, हमीपत्र लिहून दिलें आणि दरवाजा उघडून घेतला. मग कळलें कीं, आमच्या पत्त्याची उलट नोंद, म्हणजे आंकड्यावरून नांव सांगणारी नोंद, कंपनीच्या एका आंकडेवजा नांवानें आहे. तें पाहून समोरचीं यंत्रें दारांतूनच परत लावतात. तिच्या दुरुस्तीला सात आठवडे लागले. नंतर कळलें कीं आमचा पत्ता एका काळ्या यादींत आहे. अशा याद्यांचा प्रघात १९९७ सालीं पॉल व्हिक्सी यानें पाडला. १९९८ त लंडनमध्यें स्टीव्ह लिनफर्ड यानें स्पॅमहाउस ही संस्था काढली. आणि आज जगांतलीं बहुतेक टपालयंत्रें पत्र घेण्यापूर्वीं असल्या कोणत्या ना कोणत्या यादींत डोकावतात. आम्ही ज्या यादींत होतों ती अपराध्यांची नव्हती. ती एवढेंच म्हणत होती कीं, हा आंकडा ज्या आळींत येतो त्या आळींत टपालघरें असत नाहींत. सबब येथून पत्र आलें तर घेऊं नये. अर्ज करून आम्हीं आमचा एक आंकडा तींतून काढून घेतला. त्यानंतर पाठविणाऱ्याची ओळख पटविणारे तीन दाखले जोडावे लागले. एकांत आमच्या नांवानें कोणत्या यंत्रानें पत्र धाडावें तें लिहिलेलें. दुसरा म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी गुप्त किल्लीची मोहोर. आणि तिसऱ्यांत, पहिले दोन जुळले नाहींत तर पत्राचें काय करावें याची सूचना. पुतण्यानें तिन्ही बिनचूक केले. इतकें झाल्यावर भावाचें उत्तर आलें तें असें: "दादा, तुझें पत्र कचऱ्याच्या टोपलींत सांपडलें. सहज पाहिलें म्हणून मिळालें."

येथें वाचकांनीं एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या टपालांत पत्र पोंचलें नाहीं तर तें शिक्के अंगावर घेऊन परत येई. पत्ता लागला नाहीं तर त्याच्यासाठीं खात्यानें निराळी कचेरीच ठेवली होती. नव्या टपालांत नकार मिळाला तर निदान कळतें तरी. पण मोठ्या टपालपेढ्यांची हल्लींची तऱ्हा अशी कीं, त्या पत्र दारांत हंसतमुखानें घेतात, पोंच देतात, आणि आंत नेऊन अडगळींत टाकतात. पाठविणाऱ्याला वाटतें पोंचलें. घेणाऱ्याला वाटतें आलेंच नाहीं. अडगळींत टाकण्याचें कारण विचारलें तर तें असें कीं, तुमच्या घरून आम्हांकडे फारशीं पत्रें येत नाहींत, त्यामुळें तुमची ओळख नाहीं. ओळख नाहीं म्हणून पत्र वर येत नाहीं, आणि पत्र वर येत नाहीं म्हणून ओळख होत नाहीं. मोठ्या पेढीची दुसऱ्या मोठ्या पेढीशीं ओळख जन्मजातच असते.

येथपर्यंतची हकीकत हंसून सोडण्यासारखी आहे. पुढची तशी नाहीं.

आमचा एक विद्यार्थी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कांठावरच्या एका वाडींतला आहे. घरीं दोन एकर भात आणि चार डांगी जनावरें. २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्याचे. त्यांच्या बंडानंतर या डोंगरांतल्या जमिनी आणि जंगलें यांची सरकारी दप्तरांत काय व्यवस्था लागली, याचा अभ्यास त्याला करावयाचा होता. विषय चांगला, मुलगा त्याहून चांगला. दक्षिणेंतल्या एका संशोधनसंस्थेंत त्यानें अर्ज केला आणि शिफारसपत्रासाठीं आमचें नांव दिलें. पत्र ई-मेलनें, ठराविक तारखेच्या आंत, आम्हींच परस्पर पाठवावयाचें होतें. आम्हांला महाविद्यालयाचें खातें आहे. तेथून पाठविलें असतें तर हा निबंध जन्माला आला नसता. पण तें पत्र आम्हीं राजूरला सुटींत असतांना लिहिलें, मनापासून लिहिलें, आणि आमच्या घरच्या नांवानें, वडिलांच्या कोनाड्यांतून जावें असा मोह आम्हांला झाला. पुतण्यानें बजावलें होतें, "काका, महत्त्वाचं पत्र इतक्यांत इथून नको." आम्हीं त्याला हंसून वाटेला लावलें.

शिमग्याच्या सुमारास तो मुलगा बाजाराच्या दिवशीं राजूरच्या घरीं आला. ओटीवर बसला, चहा घेतला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. उठतां उठतां म्हणाला, "सर, त्यांनीं यादी लावली. माझा अर्ज अपुरा धरला. शिफारसपत्र आलं नाहीं म्हणाले."

आम्ही चमकलों. "पाठविलें होतें! तारखेच्या आधीं पांच दिवस!"

"हो, सर. असेल, सर." थोडा वेळ थांबून तो पायांकडे पाहत म्हणाला, "मला वाटलं, सरांना मी त्या लायकीचा वाटलों नसेन. म्हणून विचारलं नाहीं."

त्याला बसवून ठेवून आम्ही आंत गेलों आणि यंत्राची नोंदवही उघडली. पत्राची तारीख होती, वेळ होती, आणि पुढें समोरच्या यंत्रानें दिलेला २५० हा आंकडा होता. टपालाच्या या भाषेंत २५० म्हणजे "मिळालें". आम्हीं तो पडदा त्याच्यापुढें धरला. आमच्या निर्दोषत्वाचा पुरावा हातांत घेऊन आम्ही उभे होतों आणि त्याचा त्याला कांहीं उपयोग नव्हता. पुढें संस्थेकडे चौकशी केली तेव्हां तें पत्र त्यांच्या अडगळींत सांपडलें. त्या माणसांनीं दिलगिरीही व्यक्त केली. पण जागा भरल्या होत्या. आमच्या वहींत पोंच होती आणि त्यांच्या टेबलावर पत्र नव्हतें, या दोहोंच्या मध्यें एका मुलाचें वर्ष गेलें. आणि त्याहून वाईट हें कीं, मधले दोन महिने तो आपल्या गुरूनें आपल्याला अपात्र ठरविलें असें धरून चालला होता.

झाला प्रकार आम्हीं त्याला समजावून सांगितला. यादीचीही गोष्ट सांगितली. तो पहिल्यांदांच थोडा हंसला. म्हणाला, "सर, वस्तीवरून माणूस ओळखायची पद्धत जुनीच आहे कीं." दप्तरें वाचलेल्या मुलाचा तो शेरा होता. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यापर्यंत आला, आणि पारधी, कैकाडी अशा जमातींतल्या माणसांना, कोणीं काय केलें हें न पाहतां, केवळ जन्मावरून पोलिसांत हजेरी द्यावी लागूं लागली. तो कायदा देशभर रद्द व्हावयाला १९५२ साल उजाडावें लागलें. एकीकडे पिढ्यान् पिढ्यांचीं आयुष्यें आणि दुसरीकडे कांहीं ई-मेलें, यांची तुलना करणें हें त्या माणसांच्या दुःखाची थट्टा करण्यासारखें होईल. ती आम्ही करीत नाहीं. पण दोहोंच्या मुळाशीं असलेला आळस एकच आहे. एकेका माणसाला पारखण्याची दगदग नको असली म्हणजे व्यवस्था आळीच्या आळी यादींत घालते, आणि मग ती यादी आपल्या सोयीची आहे एवढ्यावरून ती न्याय्य आहे असें समजूं लागते.

त्या रात्रीं वडिलांचें वाक्य पुन्हां पुन्हां आठवत होतें. पत्र कुणाकडं जायचं तेवढं पाहावं, कुणाकडून आलं हें पाहूं नये. हें शील आजच्या टपालानें सोडलें, असा आमचा जगाविरुद्ध आरोप होता. पण विचार करतां एक गोष्ट दिसूं लागली. वडिलांना पाठविणाऱ्याकडे न पाहण्याची चैन परवडत होती, कारण पाकिटाच्या कोपऱ्यांत तिकीट होतें. तिकिटानें पाठविणाऱ्याची झडती आधींच घेतलेली असे. गरीब असो, श्रीमंत असो, अर्धा आणा दिला कीं तो आणि लाटसाहेब टपालाच्या दृष्टीनें सारखे. नव्या टपालाला तिकीट नाहीं. म्हणून त्यानें तिकिटाच्या जागीं ओळख आणून बसविली. आणि ओळखीचा कायदा सर्व काळीं, सर्व कचेऱ्यांत एकच असतो: ती मोठ्यांची मोठ्यांशीं असते.

आमची मागणी फार नाहीं. कंपन्यांनीं कुलूप जरूर लावावें. पण ज्या गिऱ्हाइकाचें नांव, गांव, ओळखपत्र त्यांच्या दप्तरीं आहे तें मागेल तर उघडून द्यावें, आणि त्याच्या यंत्रानें घाण केली तर पुन्हां लावावें. कांहीं कंपन्या असें करतात. सर्वांनीं करण्यासारखें आहे. याद्या ठेवणारांनीं नांव घालतांना कळवावें आणि काढण्याची वाट सोपी ठेवावी. आणि मोठ्या टपालपेढ्यांनीं पत्र घ्यावयाचें नसेल तर तोंडावर नाहीं म्हणावें. नकार सोसतां येतो. खोटी पोंच सोसत नाहीं. या तीन गोष्टी झाल्या तर स्पॅमवाल्यांचें विशेष फावेल असें आम्हांला वाटत नाहीं, आणि स्वतःच्या घरीं दिवा लावूं पाहणाऱ्या चार माणसांचे हात मात्र पोळणार नाहींत.

पण जगानें सुधारण्याची वाट पाहत दुसऱ्याच्या मुलाचें वर्ष पणाला लावण्याचा अधिकार आम्हांला नव्हता, हेंही तितकेंच खरें. स्वावलंबनाचा अभिमान आमचा होता; त्याचें तिकीट त्या मुलानें भरलें. पुढल्या वर्षीं त्यानें पुन्हां अर्ज केला. शिफारसपत्र आम्हीं महाविद्यालयाच्या खात्यांतून धाडलें, छापील प्रत स्पीड पोस्टानें पाठविली, आणि दोन्ही मिळाल्याची खात्री दूरध्वनीवरून करून घेतली. आतां तो तेथें दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचीं पत्रें आमच्या घरच्या पत्त्यावर येतात.

कोनाड्यांतलें यंत्र अजून आहे. पुतण्यानें तडजोड काढून दिली. येणारें टपाल पूर्वींसारखेंच राजूरला येतें, तेथेंच राहतें, आणि त्याची किल्ली घरांतल्या तिघांपाशीं आहे. जाणारें पत्र मात्र आमच्या यंत्रांतून निघून एका ओळखीच्या पेढीच्या हवालीं होतें आणि तिचा हात धरून जगांत जातें. त्यासाठीं दरसाल थोडे पैसे मोजतों. म्हणजे अखेर तिकीट लावूं लागलों, असें म्हणा. वडील असते तर हें ऐकून हंसले असते.

आई अजून महिन्यांतून दोनदां अमेरिकेंतल्या मुलाला पत्र सांगते आणि आमची वहिनी तें टंकून घेते. पावसाचें पाणी, भात, म्हैस, आणि शेवटीं सासरच्या माणसाकडून उचललेलें तें वाक्य, "उत्तर सवडीनें लिहावें." पत्र गेलें कीं आई विचारते, "पोंचलं का रे?" आम्ही नोंदवही उघडतों. २५० असतें. मग आम्ही कांहीं न बोलतां दूरध्वनि उचलून भावाला सांगतों, "अरे, आईनें पत्र पाठविलें आहे. टोपलींत पडलें नाहीं ना, तेवढें पाहा."